कार्ड दुकानाचे, निधी शाळेचा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

शाळेसाठी गिफ्ट कार्ड किंवा खरेदी कूपन विकून निधी उभारता येतो का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे गोव्यातील वेगवेगळ्या तालुक्यांतून आली. त्यांतली सहा येथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या मराठी प्राथमिक शाळेला वाचनालयाची कपाटे, एक पेटी आणि तबल्याचा जोड घ्यायचा आहे. एक लाखाच्या आसपास खर्च दिसतो. गिफ्ट कार्डे विकून एवढे पैसे जमतील का?
— एक पालक, डिचोली

उत्तर : आधी या व्यवहारात शाळेला पैसे कुठून मिळतात ते पाहू. दुकानदार १,००० रुपयांचे कार्ड शाळेला, समजा, ९६० रुपयांना देतो. पालक ते १,००० रुपयांनाच घेतो आणि त्याच दुकानात १,००० रुपयांचा माल उचलतो. पालकाच्या खिशाला जादा तोशीस नाही, आणि मधले ४० रुपये शाळेचे. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ही पद्धत ‘स्क्रिप’ या नावाने रुळली आहे. तिथे कुटुंबे महिन्याचे वाणसामान शाळेकडून घेतलेल्या कार्डांवर भरतात.

आता हिशेब. सूट ४ टक्के असेल तर एक लाख रुपये उभे करायला २५ लाखांची कार्डे विकावी लागतात. एका चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, हंगामात हे होणार नाही. शाळेतली १२० कुटुंबे चवथीच्या बाजारासाठी प्रत्येकी ३,००० रुपयांची कूपने घेतील असे धरा. विक्री ३,६०,००० रुपयांची आणि शाळेच्या हाती १४,४०० रुपये. यात पेटी किंवा तबला येईल, कपाटे येणार नाहीत. मात्र ६० कुटुंबांनी दर महिन्याला २,५०० रुपयांचा किराणा कूपनांवर घेतला, तर दहा महिन्यांत १५ लाखांची विक्री होते आणि शाळेला ६०,००० रुपये मिळतात. म्हणून आमचा आग्रह असा, की एकदाच धूमधडाका करण्यापेक्षा दर महिन्याची सवय लावा. या योजनेचे खरे बळ किराण्यातच आहे, कारण तो खर्च घराला चुकत नाही.

किराण्यात दुकानदाराचाच नफा थोडा असतो, त्यामुळे तिथे सूट कमी मिळते. कपडे, पादत्राणे, चष्मे, स्टेशनरी यांत जास्त मागता येते. शाळा सुरू होण्याआधी दप्तरे, वह्या, रेनकोट यांसाठी एक फेरी आणि चवथीला दुसरी, अशी जोड चांगली बसते. चवथीचा अंदाज बांधताना मात्र एक भान ठेवा. कवंडळे, आंबाडे, सुपारीचे घोस हे गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचे सामान बाजारात जमिनीवर बसलेल्या बायकांकडून रोखीने घेतले जाते, आणि ते त्यांच्याकडूनच घेतले जावे. तो खर्च वगळून उरेल तेवढ्याचीच कूपने पालकांना सुचवा.

आणखी एक. बँका देतात ते गिफ्ट कार्ड या कामाचे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार अशा कार्डाची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोखही काढता येत नाही. शाळेला त्यातून सूट मिळत नाही, उलट बँका कार्डामागे बहुधा शुल्क घेतात. तुम्हाला हवे आहे ते दुकानाचे स्वतःचे कार्ड.

प्रश्न : आमच्या भागातल्या दुकानांकडे छापील कार्डे नाहीत. पालक-शिक्षक संघानेच कूपने छापून पाच-सहा दुकानांत चालतील अशी व्यवस्था केली तर?
— पालक-शिक्षक संघाचे एक सदस्य, वाळपई

उत्तर : हे कृपया करू नका. एका दुकानाने आपल्याच मालासाठी काढलेले कूपन हे ‘बंद’ साधन समजले जाते. ते फक्त त्याच दुकानात चालते, त्यावर रोख मिळत नाही, आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. पण लोकांकडून पैसे घेऊन वेगवेगळ्या मालकांच्या दुकानांत चालणारे कूपन तुम्ही काढलेत, तर ते पैसे चुकते करण्याचे साधन होते, आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ खाली त्याला रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते. हेतू चांगला असला तरी कायदा बदलत नाही.

मार्ग सोपा आहे. प्रत्येक दुकानाने आपले कूपन आपल्या नावाने काढावे आणि शाळेने ते फक्त विकावे. दोन दुकाने असतील तर कूपने दोन प्रकारची आणि दोन रंगांची. पाच-सहा दुकानांचा पसारा पहिल्या वर्षी नकोच. एक किराण्याचे आणि एक कपड्यांचे किंवा स्टेशनरीचे पुरे.

छपाई तालुक्याच्या कुठल्याही छापखान्यात होते. दहा कूपनांचे एक पुस्तक, प्रत्येक कूपनाला स्थळप्रत, मध्ये फाडायच्या छिद्रांची रेघ आणि दोन्ही भागांवर मशीनने टाकलेला एकच क्रमांक. कूपनावर दुकानाचे नाव, रक्कम अंकी आणि अक्षरी, वापराची अंतिम तारीख, ‘रोख परत मिळणार नाही’ हे वाक्य आणि मालकाची पेनाने केलेली सही असावी. छापलेली सही नको. वर दुकानाचा उठावाचा शिक्का मारून घ्या. झेरॉक्समध्ये शाईचा शिक्का हुबेहूब उतरतो, पण उठाव उतरत नाही. गल्ल्यावरच्या पोऱ्याने कूपनाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला की खरे-खोटे कळते.

आपल्याकडे ही कूपने ऐन पावसात हाती येतात. पाण्यात विरघळणाऱ्या शाईची सही ओल लागली की पसरते, म्हणून सही बॉलपेनने घ्या. पातळ कागद खिशात भिजून लगदा होतो, तेव्हा कागद जाड निवडा आणि पालकांना कूपने प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत द्या.

प्रश्न : मी आमच्या संघाची खजिनदार आहे. पहिल्यांदाच हे काम अंगावर आले आहे. सुरुवातीपासून कसे करायचे, काय लिहून ठेवायचे, कुठे चुकते?
— फोंडा

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो थोडा सविस्तर घेतो.

चवथीच्या सात-आठ आठवडे आधी संघाच्या सभेत ठराव घ्या : कशासाठी निधी, कोणते दुकान, खाते कोणते, सह्या कोणाच्या. सरकारी शाळा असेल तर मुख्याध्यापकांमार्फत भागशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवून त्यांची संमती घ्या. पैसे आणि कूपने संघाकडेच राहू द्या, शिक्षकांच्या हाती देऊ नका. त्यांच्या डोक्यावर हे ओझे घालणे योग्य नाही.

मग दुकानदाराशी बोलणी. सवलतीचा टक्का ठरला की काम झाले असे समजतात आणि पुढे गल्ल्यावर वाद होतो. कागदावर एवढे तरी यायला हवे : टक्का किती, कूपन कधीपर्यंत चालेल (किमान बारा महिने मागा), ऑफरच्या मालावर, तेल-साखरेवर ते चालेल की नाही, एका बिलात किती कूपने चालतील, कूपनापेक्षा बिल कमी झाले तर उरलेल्याचे काय, हरवलेले कूपन क्रमांक सांगून थांबवता येईल का, न विकलेली कूपने किती दिवसांत परत घेणार. दुकानाची दुसरी शाखा असेल तर तिचेही नाव घाला. ‘आमच्या सगळीकडे चालते’ हे तोंडी आश्वासन फोंड्यात दिलेले असते, आणि पालक उसगावच्या शाखेत जाऊन अडतो.

यानंतरची पायरी चुकली की सगळे बिघडते. आधी मागणी, मग पालकांचे पैसे, आणि शेवटी खरेदी. हा क्रम मोडू नका. ‘जास्त घेतली तर जास्त सूट’ या मोहाने दोन लाखांची कूपने उचलली आणि सव्वा लाखाचीच खपली, तर ७५,००० रुपयांची कूपने कपाटात अडकतात. त्यात दुकान बंद पडले तर दुकानाकडून पैसे येणे असलेल्यांच्या रांगेत कूपनधारक अगदी मागे असतो, त्याच्या रकमेला तारण काही नसते. म्हणून मागणीपेक्षा एकही कूपन जादा घेऊ नका.

मागणीचा अर्ज अर्ध्या पानाचा पुरे : पालकाचे नाव, पाल्याचा वर्ग, कोणत्या रकमेची किती कूपने, एकूण रक्कम, सही. रकमेची विभागणी तुम्हीच सुचवा. ३,००० रुपयांसाठी हजाराची २, पाचशेचे १ आणि शंभराची ५. सगळी हजाराची घेतली की २,७४० रुपयांच्या बिलाला पालक अडतो, कारण कागदी कूपनावर सुटे परत मिळत नाहीत. शंभराची असली की २,७०० रुपयांची कूपने देऊन वरचे ४० रोख देता येतात. १२० कुटुंबांनी अशीच मागणी केली तर हजाराची २४०, पाचशेची १२० आणि शंभराची ६००, म्हणजे एकूण ९६० कूपने. हा आकडा छापखान्यालाही द्यायचा आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावरही लिहायचा.

पैसे गोळा करायला महिन्याची १ ते १० तारीख बरी, पगार झालेले असतात. पैसे संघाच्या बँक खात्यातच यावेत आणि क्यूआर कोडही त्याच खात्याचा असावा. कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, दोन दिवसांपुरतेही नाही. माणूस कितीही सरळ असला तरी वर्षअखेरीला संस्थेचे पैसे आणि घरचे पैसे वेगळे करून दाखवणे त्याला जड जाते, आणि चांगल्या कार्यकर्त्यावर नाहक बोट उठते. रोख आले तर त्याच दिवशी पावती, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. दुकानदाराला रक्कम बँकेतूनच द्या आणि त्याचे बिल घ्या. ३,६०,००० जमले, ३,४५,६०० दिले, १४,४०० खात्यात राहिले. हे पासबुकात सरळ दिसले पाहिजे.

नोंदवही आडव्या रेघांची मोठी घ्या आणि तिला पाननंबर घाला. रकाने असे : अनुक्रमांक, पालक व वर्ग, हजाराची कूपने क्रमांक अमुक ते तमुक, पाचशेची, शंभराची, एकूण रक्कम, भरणा तारीख, यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक किंवा पावती क्रमांक, घेणाऱ्याची सही. कूपने दुकानातून आली की दोघींनी मिळून मोजायची. एकीने क्रमांक वाचायचा, दुसरीने खूण करायची. गठ्ठ्यातला एखादा क्रमांक दोनदा छापला गेलेला किंवा गळलेला असतो. तो त्याच बैठकीत सापडला तर दुकानदार बदलून देतो. आठ दिवसांनी सांगितले तर तो ऐकणार नाही, आणि त्याचेही चुकत नाही.

प्रत्येक कुटुंबाचे वेगळे पाकीट करा, वर नाव आणि रक्कम लिहा. वाटप एकाच दिवशी, शाळेत, पालकसभेच्या वेळी. पाकीट उघडून पालकासमोर मोजायचे आणि मगच सही घ्यायची. पाकीट मुलाच्या दप्तरातून पाठवू नका. ३,००० रुपयांची नोट असती तर आपण सातवीतल्या मुलाच्या दप्तरात टाकली नसती, आणि कूपन म्हणजे नोटच आहे. ‘पैसे उद्या देतो, कूपने आज द्या’ म्हणणाऱ्याला नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. संध्याकाळी तीन आकडे जुळवा : घेतलेली कूपने, वाटलेली, शिल्लक. जुळले नाहीत तर घरी जाऊ नका. त्याच दिवशी शोधलेली चूक बहुधा पाकिटातच सापडते.

प्रश्न : ऑनलाइन दुकानांची ई-कार्डे घेतली तर छपाई, मोजणी काहीच नको. मात्र आम्ही एकदा घेतली तेव्हा पालकाने कोड टाकायच्या आतच चार कार्डे वापरली गेली होती. काय चुकले असेल?
— पेडणे

उत्तर : ई-कार्डात कोड आणि पिन हेच पैसे असतात. ज्याने ते आधी पाहिले त्याने ते वापरले. घाऊक खरेदीत विक्रेता सगळे कोड एका एक्सेल फाइलमध्ये पाठवतो. ती फाइल समितीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली, की पंधरा फोनांत पैसे उघडे पडतात. फोन दुरुस्तीला गेला, मुलाने खेळायला घेतला, तरी कोड वाचता येतो. कोणी मुद्दाम केलेच असेल असे नाही, पण शोधणे जवळजवळ अशक्य होते.

फाइल एकाच व्यक्तीकडे, पासवर्ड लावून ठेवा, आणि पासवर्ड दुसऱ्या व्यक्तीने वेगळ्या मार्गाने कळवावा. प्रत्येक पालकाला त्याचा कोड त्याच्याच नंबरवर पाठवा आणि २४ तासांत आपल्या खात्यात जोडायला सांगा. स्वस्तात कोड देणाऱ्या अनोळखी माणसाकडून घेऊच नका. तसले कोड चोरीच्या कार्डांवर घेतलेले असू शकतात, आणि ते मागाहून रद्द होतात. फसवणूक लक्षात आली तर लगेच १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा.

दुकानातल्या प्लॅस्टिक कार्डाचेही दोन बारकावे आहेत. ते गल्ल्यावर सुरू केल्याशिवाय चालत नाही, तेव्हा प्रत्येक कार्डाची शिल्लक तिथेच तपासून घ्या. आणि पिनवरची राखाडी पट्टी थोडी जरी खरवडलेली दिसली तर ते कार्ड परत करा.

तरीही खेड्यातल्या शाळेला आमची पसंती जवळच्या दुकानाच्या कागदी कूपनांनाच आहे. पैसा गावात राहतो, आणि काही अडले तर दुकानदार समोर असतो.

प्रश्न : कूपन घेणाऱ्या पालकांना ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती देता येते का? आणि मिळालेल्या रकमेवर जीएसटी लागतो का?
— संस्थेचे एक पदाधिकारी, मडगाव

उत्तर : पावतीचे उत्तर सरळ आहे : नाही. पालकाला ३,००० रुपयांचा मोबदला मालाच्या रूपाने पूर्ण मिळतो, ती देणगी नव्हे. एखाद्याने वर ५०० रुपये वेगळे दिले तर त्यांची पावती द्या, अर्थात संस्थेला ८०जी ची मान्यता असेल तर. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, आणि नव्या कररचनेत राहणाऱ्या दात्यालाही मिळत नाही.

जीएसटीचे जरा नीट समजून घ्या. ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे व्हाउचर स्वतःच्या नावाने विकत घेऊन पुढे विकले, तर त्या विक्रीवर जीएसटी नाही. पण तुम्ही दुकानदाराचे एजंट म्हणून विकली आणि त्याने ‘कमिशन’ दिले, तर ते कमिशन ही करपात्र सेवा होते. संस्था म्हणेल, आमचे कमिशन १४,४०० रुपयांचे, आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा तर २० लाखांची. पण ही मर्यादा मोजताना करमुक्त उत्पन्नही धरतात. शाळेची फी करमुक्त असली तरी ती उलाढालीत मोजली जाते. नुसते करमुक्त उत्पन्न असेपर्यंत नोंदणी लागत नाही. त्यात छोटेसे करपात्र कमिशन मिसळले की मोठ्या संस्थेसाठी नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून दुकानदाराशी करार ‘सवलतीत खरेदी’ असाच करा, बिलही तसेच घ्या, आणि तुमच्या सीएला तो कागद सहीआधी दाखवा. या विक्रीची खतावणी संस्थेच्या इतर हिशेबापासून वेगळी ठेवा. पूरक व्यवसायाचे हिशेब वेगळे असणे ही धर्मादाय नोंदणीच्या संस्थांसाठी आयकराची अटच आहे.

प्रश्न : वर्गवार उद्दिष्ट ठेवून सगळ्यांत जास्त कूपने खपवणाऱ्या मुलाला बक्षीस, आणि कूपनधारकांसाठी लकी ड्रॉ, असे केल्यास उत्साह वाढेल ना?
— काणकोण

उत्तर : दोन्ही टाळा. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने प्रवेश देताना ठरलेल्या फीबाहेरची सक्तीची वर्गणी किंवा देणगी घ्यायला मज्जाव केला आहे. अशी रक्कम घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. उद्दिष्ट ठरले की सक्ती आपोआप येते, कागदावर ‘ऐच्छिक’ लिहिले तरी. ज्याच्या घरी रोजंदारीवर चूल पेटते, तो महिन्याचा किराणा एकदम भरू शकत नाही. त्याच्या मुलीचे नाव फळ्यावर शेवटी लिहिले गेले, तर तिला जे वाटेल त्याची भरपाई कुठल्याही तबल्याने होणार नाही. कोणी किती घेतली ही यादी खजिनदाराच्या वहीबाहेर जाऊ नये, आणि मुलांना दारोदार पाठवू नये.

लकी ड्रॉचे म्हणाल तर पैसे, नशीब आणि बक्षीस एकत्र आले की ती लॉटरी होते. लॉटरी चालवण्याचा अधिकार १९९८ च्या कायद्याने राज्य सरकारांपुरता ठेवला आहे, शिवाय गोव्याचा स्वतःचा जुगार प्रतिबंधक कायदा १९७६ पासून आहे. जत्रेत आणि चर्चच्या फेस्तात रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटे खपतात म्हणून शाळेनेही ती काढावीत असे नाही.

उत्साह हवा असेल तर शाळेच्या दारात एक तक्ता लावा : किती जमले, किती हवे, आणि ते कशासाठी. नावे नकोत. पहिल्या फेरीनंतर पेटी आली, तर ती प्रार्थनेच्या वेळी वाजू द्या आणि तिच्या बिलाची प्रत त्या तक्त्याशेजारी चिकटवा. दुसऱ्या फेरीचे अर्ज त्याच आठवड्यात वाटा.